दोन काठांमधला वेळ

मला श्रीधरचा हेवा वाटतो. माझ्या तोंडात निम्मे दात उरलेत, गुडघे कुरकुरतात, बायको जाऊन अजून वर्षही झालेलं नाही, तरी वाटतो. तरुणपणी वाटायचा त्याचं कारण वेगळं होतं, आत्ताचं वेगळं आहे. आत्ताचं शेवटी सांगेन. आधी तरुणपणाचं सांगतो, कारण कुसुम माझी बायको कशी झाली ते त्यातच आहे, आणि ते ठाऊक असलेली माणसं आता दोनच उरली, एक मी आणि एक तो. त्याने लिहिलं तर तो चांगल्या भाषेत लिहील आणि लोकांना त्याचंच खरं वाटेल. म्हणून मी आधी लिहून टाकतो. माझं शिक्षण सातवी, तीही ढकलत ढकलत. बोलतो तसं लिहिणार. कुणाला टोचलं तर टोचू दे.

आम्ही डिलाईल रोडला चाळीत राहायचो, तिसऱ्या मजल्यावर, जिन्याला लागून. खोली एक, माणसं सात, आणि वर गावाहून कुणी ना कुणी आलेलं असायचंच. बाबा मिलमध्ये विणकर. साच्यांच्या, म्हणजे मागांच्या, खडखडाटात आयुष्य गेल्यामुळे त्यांना हळू बोलता यायचंच नाही. जेवताना मीठ मागितलं तरी खालच्या मजल्यावरची माणसं मान वर करायची. आई म्हणायची, "जरा हळू मागा. रस्त्यावरचो माणूस मीठ घेवन येतलो." बाबांना ते ऐकू जायचं नाही, ते ओठ बघून अंदाज बांधायचे आणि "हां, घाल, घाल" म्हणून ताट पुढे करायचे. आईच्या हातची कुळथाची पिठी, उकड्या तांदळाचा भात आणि चुलीवर नुसता परतलेला सुका बांगडा. आता सून सगळं करते, मनापासून करते, पण बांगडा भाजला की आधी खिडक्या लावून घेते. टॉवरमध्ये वासाची तक्रार येते म्हणे. आमच्या चाळीत वास आला नाही तर शेजारी विचारायला यायचे, आज चूल पेटली नाही काय गो?

कुसुमची खोली आमच्यापासून दोन सोडून. वडील लवकर गेले होते, घरात आई आणि ती. परळला रेडिओ जोडायचा एक छोटा कारखाना होता, तिथे ती कामाला जायची. सोल्डरिंगच्या टेबलावर दहा-बारा मुली बसायच्या, त्यात हिचा हात सगळ्यात साफ. बोटांच्या टोकांना भाजल्याचे बारीक डाग होते आणि केसांना राळेचा वास यायचा. देवळात धूप घालतात तसला, पण जरा कडवट. जिन्यात ती बाजूने गेली की मी मुद्दाम पायरीवर थांबायचो. तिला ते कळत होतं की नाही, हे मला तेव्हा माहीत नव्हतं. मी कधी बोललो नाही. काय म्हणून बोलणार? मी मिलच्या दारात बदलीसाठी उभा राहणारा माणूस. काम मिळालं तर मिळालं, नाहीतर दुपारी परत.

माझ्याकडे एकच गोष्ट होती, पाय. मी पळायचो. चाळीजवळच्या व्यायामशाळेचे भाऊमास्तर मला भल्या सकाळी शिवाजी पार्कला घेऊन जायचे. त्यांच्या गळ्यात काळ्या दोरीला बांधलेलं स्टॉपवॉच असायचं. मी शंभर मीटर पळायचो, ते अंगठा दाबायचे आणि म्हणायचे, "अकरा. चोख." दर वेळी अकरा चोख. चाळीत माझं नाव पडलं अकरावाला. पोरं हाक मारायची, "ए अकरावाल्या, धावत जाऊन बर्फ आण ना!" मला आवडायचं ते. गरीब माणसाला एखादा आकडा चिकटला की तो त्याला वतनासारखा सांभाळतो. त्या वर्षी एका मोठ्या कंपनीने आपल्या संघासाठी पळणारी मुलं घ्यायचं ठरवलं होतं. कंपनीचा माणूस आमच्या मंडळांच्या स्पर्धा बघायला येणार होता, आणि जो पहिला येईल त्याला कंपनीत कायमची नोकरी. भाऊमास्तर म्हणाले, "अकरा चोख पळणारा या भागात तुझ्याशिवाय कोण आहे?" मी मनात हिशेब करून टाकला. नोकरी लागली की दुसऱ्या दिवशी आईला कुसुमच्या आईकडे पाठवायचं. नोकरीशिवाय पाठवायचं नाही.

आणि मग श्रीधर आला. शिवाजी पार्कचा, मैदानासमोरच्या जुन्या इमारतीत राहणारा. घरात वकील, डॉक्टर, पुस्तकांची कपाटं. तो माटुंग्याला इंजिनीअरिंग शिकत होता आणि त्याचे काका स्पर्धेच्या समितीवर होते. त्याने काकांना सांगितलं, अंगठ्याने वेळ काय मोजता, मी खोका बनवतो. खोका बनला, पण त्याने लावलेली सोल्डरं सुटायची. हात लावला की तार निघायची. कुणीतरी त्याला परळच्या कारखान्याचं नाव सांगितलं, कारखान्याने कुसुमचं सांगितलं, आणि एका रविवारी हा गोरा, चष्मेवाला, पांढऱ्या बुटांचा माणूस आमच्या चाळीचा जिना चढून वर आला. त्याच्या अंगाला चांगल्या साबणाचा वास येत होता. आमच्या मजल्यावर तेव्हा बांगडे भाजत होते. त्याने नाक मुरडलं असतं तर मला बरं वाटलं असतं. तो म्हणाला, "अरे वा, बांगडा!" आईने लगेच त्याला पाट मांडला.

"खातंस काय रे झिला?"

"खातो ना काकू. आमच्याकडे बांगडा घरात आणत नाहीत, पापलेट आणतात. मला बांगडा आवडतो."

आई आठवडाभर त्याचं कौतुक करत होती. मी रोज बांगडा खात होतो, मला कुणी शाबास म्हटलं नाही.

पुढे दर रविवारी तो यायचा आणि कुसुमच्या खोलीसमोर गॅलरीत खोका उघडून बसायचा. कुसुम मांडी घालून सोल्डर लावायची, तिची आई उंबऱ्यात बसून तांदूळ निवडत राखण करायची आणि मी कठड्याला टेकून उगाच बुटांच्या नाड्या बांधत बसायचो. एका सकाळी किती वेळा नाड्या बांधणार? शेवटी कुसुम म्हणाली, "दत्ता, एवढ्या घट्ट बांधल्यास तर पाय निळे पडतील. इकडे येऊन बघ तरी काय आहे ते." मी गेलो. जायचं नव्हतं, तरी गेलो.

खोक्याच्या तोंडावर आकड्यांची चार घरं होती, लाल दिव्यांची. श्रीधरने समजावून सांगितलं आणि खरं सांगायचं तर चांगलं सांगितलं, मला समजू नये म्हणून इंग्रजी फेकलं नाही. आत एक स्फटिकाचा तुकडा आहे, तो न थकता सारखे ठोके देतो. ते ठोके चालूच असतात, पण मोजणाऱ्याचं दार बंद असतं. सुरुवातीचा आवाज झाला की तारेतून एक झटका येतो, त्या झटक्याच्या कडेवर दार उघडतं आणि ठोके मोजले जायला लागतात. शेवटच्या रेघेवर मोटारीचा दिवा आणि समोर उजेड ओळखणारी एक टिकली. धावणाऱ्याच्या छातीने उजेड अडवला की दुसरी कड येते आणि दार बंद. मधे जेवढे ठोके मोजले तेवढा वेळ. "झटका किती जोराचा, किती लांब, याच्याशी त्याला देणंघेणं नाही," तो म्हणाला. "त्याला फक्त कडा कळतात."

कुसुम म्हणाली, "म्हणजे लुगड्यासारखं. दोन बाजूंना दोन काठ, आणि मधलं अंग मोजायचं."

श्रीधर तिच्याकडे बघतच राहिला. "बरोब्बर," तो म्हणाला. "काठ. आमच्या सरांनाही असं सांगता येणार नाही."

त्याच्या त्या बघण्याचा मला जो राग आला तो अजून गेलेला नाही. लुगड्याचा काठ म्हणजे आमच्या घरचा शब्द. माझ्या बापाने जन्मभर काठ सरळ ठेवण्यात डोळे घालवले. आणि शाबासकी कोण देतो? हा. आणि लाजते कोण? ही. बाबा नेमके तिथून चालले होते. काठ शब्द त्यांनी ओठांवर वाचला आणि ओरडले, "काठ वाकडा गेला की सगळं कापड फुकट!" आणि निघून गेले. श्रीधर उठून उभा राहिला आणि म्हणाला, "अगदी खरंय काका." माझ्या बापालाही त्याने खिशात घातलं.

तेव्हाच कुसुमने विचारलं होतं, "आणि दुसरा काठ आलाच नाही तर?"

"तर तो मोजत राहील. चारही घरांत नऊ झाले की सगळी शून्य होतात, आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू."

"मग आधीचं किती मोजलं?"

"ते त्याला माहीत नसतं," श्रीधर म्हणाला.

मला ते तेव्हा फालतू वाटलं होतं.

स्पर्धेच्या दिवशी शिवाजी पार्कला गर्दी बरी होती. आमची अख्खी चाळ, भोईवाड्याची मंडळी, फिरायला आलेले पेन्शनर, आणि बाजूला नेहमीप्रमाणे क्रिकेटची नेट चालू. खोक्याला उजेडाचं दार एकच होतं, म्हणून सगळ्यांनी एकेकट्याने पळायचं ठरलं. शेवटच्या रेघेजवळ टेबल, टेबलावर खोका, खाली मोटारीची बॅटरी, आणि टेबलामागे दोन खुर्च्या. एकीवर श्रीधर आणि दुसरीवर कुसुम, आकडे वाचून सांगायला. तिने ठेवणीतली निळी साडी नेसली होती. कंपनीचा माणूस काळा चष्मा लावून मागे उभा. भाऊमास्तरांचं स्टॉपवॉच गळ्यातच लटकत राहिलं, त्यांना सुरुवातीला फळ्या वाजवायला पाठवलं होतं. दोन लाकडी फळ्या एकमेकींवर आपटायच्या, तो आवाज बाजूला ठेवलेला माईक ऐकणार, आणि तारेतून झटका खोक्याकडे जाणार. मास्तर माझ्या कानात म्हणाले, "तीस वर्षं हा अंगठा चालला. आता मला टाळ्या पिटायला बसवलंय." दुखावला गेलेला मी एकटाच नव्हतो, तेवढंच बरं वाटलं.

माझी पाळी आली. "जागेवर," मास्तर म्हणाले. "तयार." मी कंबर उचलली. मास्तरांनी दम धरला. नेटमध्ये कुणीतरी चेंडू टोलवला, टक्. मग फळ्या वाजल्या आणि मी सुटलो. इतकं चांगलं मी कधी पळालो नव्हतो, पाय जमिनीला लागत नव्हते. उजेड कापून पुढे गेलो, थांबलो, वळून बघितलं. पाटीवर कुणीतरी खडूने आकडा लिहीत होतं. तेरा आणि वर काहीतरी.

तेरा! भोईवाड्याची पोरं लोळायला लागली. एकजण ओरडला, "अकरावाल्या, तेराव्याचं जेवण कधी?" माझ्या कानांत उकळतं तेल ओतल्यासारखं झालं. मी टेबलाकडे बघितलं, तर कुसुम वाकून श्रीधरच्या कानाशी लागली होती. तिचं तोंड त्याच्या कानाला टेकायचंच बाकी होतं. तो मान हलवत होता. अख्ख्या मैदानासमोर मी तेरा झालोय आणि ही त्याच्या कानात गुजगोष्टी करतेय. मला वाटलं, संपलं. नोकरी गेली आणि ही पण गेली, एकाच खोक्यात.

श्रीधर उठला आणि त्याने भोंगा उचलला. "दत्ताराम यांची वेळ धरू नका," तो म्हणाला. "ते पळायच्या आधीच खोका सुरू झाला होता. नेटमधल्या बॅटचा आवाज माईकने फळ्या समजून घेतला. चूक माझी आहे. त्यांना पुन्हा पळू द्या."

यांची म्हणाला. ते म्हणाला. जन्मात मला कुणी 'यांची' म्हटलं नव्हतं. आणि त्या माणसाने भोंग्यावरून, काकांसमोर, कंपनीसमोर स्वतःची चूक सांगितली, आवाज न कापता. हे मला सहन झालं नाही. लबाड माणसाचा हेवा करणं सोपं असतं, शिव्या घालता येतात. चांगल्या माणसाचा हेवा सगळा आपल्याच पोटात जळतो.

समितीवाले नेटवाल्यांना जरा थांबा म्हणून सांगायला गेले. त्यांचे प्रशिक्षक कंबरेवर हात ठेवून म्हणाले, "तुमच्या खोक्यासाठी आमच्या पोरांनी चेंडूला काय ओवाळायचं? तुमचं पळणं थांबवा." तेव्हा श्रीधरने माईक काढूनच टाकला. चणेवाल्याकडून डालड्याचा रिकामा डबा घेतला, त्याचे दोन पत्रे कापले आणि फळ्यांच्या आतल्या बाजूंना ठोकले. फळ्या मिटल्या की पत्र्याला पत्रा लागणार आणि झटका तिथूनच जाणार. बॅट वाजो नाहीतर तोफ वाजो. पण एका पत्र्यावर तार टिकेना, आणि मैदानात सोल्डर कुठून आणायचं? कुसुम चालत सुरुवातीपर्यंत आली, केसांतली पिन काढली, दातांनी फाकवली आणि तार पत्र्याला चिमटून टाकली. केसांची एक बट तिच्या गालावर आली. ती श्रीधरला म्हणाली, "आता हलणार नाही." माझ्याकडे तिने बघितलंसुद्धा नाही. तिच्या केसांतली पिन त्याच्या तारेला. मी खाली वाकून नाडी बांधली.

दुसऱ्यांदा पळालो. पहिल्याइतकं नाही, पण वाईटही नाही. आकडा आला साडेअकराच्याही पुढचा. अकरा नाही. भोईवाड्याचा एक सडपातळ पोरगा माझ्याहून चांगला कमी आला, आणि काळा चष्मा त्याच्याकडे गेला, त्याच्या खांद्यावर हात ठेवला. माझ्याकडे कुणी आलं नाही. श्रीधर आला.

"खोका खोटा आहे तुझा," मी म्हणालो. "मास्तरांच्या घड्याळात मी अकरा आहे. वर्षानुवर्षं."

तो भांडला नाही. त्याने पलीकडच्या टोकाला उभ्या असलेल्या मास्तरांना हात केला, पुन्हा एकदा फळ्या वाजवा म्हणून. "नुसतं बघ," मला म्हणाला. मी बघितलं. लांबवर मास्तरांच्या हातातल्या फळ्या मिटल्या. काही ऐकू आलं नाही. मग आवाज आला, टाळीचा. फळ्या तोवर उघडायलाही लागल्या होत्या. "मास्तर रोज इथे उभे राहतात आणि तिथे दुसराच कुणीतरी फळ्या वाजवतो, हो ना? आवाज इथवर यायला वेळ लागतो. मग अंगठा दाबायला आणखी थोडा. तू तोवर पळत असतोस, ते मोजलंच जात नाही."

माझे अकरा त्या मधल्या गप्पपणात होते. तेवढेच. त्यानंतर आयुष्यात कुणी माझं कौतुक केलं की मी मनात विचारतो, आवाज उशिरा पोचला असेल का?

"तू आला नसतास तर मी अकराच राहिलो असतो," मी त्याला म्हणालो.

"हो," तो म्हणाला. आणि खाली बघितलं.

संध्याकाळी मी गॅलरीत कठड्याला टेकून उभा होतो. आतून आई दोनदा हाक मारून गेली होती, "दत्त्या, जेवान थंड होता रे." पिठीला लसणीची फोडणी दिलेली होती आणि मला भूक नव्हती. कुसुम पाण्याची कळशी घेऊन आली, ती खाली ठेवली आणि शेजारी उभी राहिली. केस मोकळेच होते.

"कानात काय सांगत होतीस त्याला?" मी विचारलं.

"कुणाला?"

"नाटकं करू नकोस. तुझ्या त्या साहेबाला."

"आकडे आधीच पळाले, हे सांगितलं. तू तिकडे अजून वाकलेलाच होतास. मोठ्याने ओरडले असते तर तो काळ्या चष्म्याचा कंपनीवाला म्हणाला असता, चाळीतली पोरगी चाळीतल्याची बाजू घेते."

"आणि पिन?"

"पिनचं काय?"

"त्याच्या तारेला लावलीस."

"त्याच्या तारेला? मेल्या, पळणार कोण होतं? तू की तो? तुझी सुरुवात नीट धरली जावी म्हणून लावली. माझी चांगली पिन गेली, ती भरून दे आधी." मग तिने कठड्यावरून खाली बघितलं. खाली रस्त्यावर भेळवाला घंटी वाजवत चालला होता, तो लांब जाईपर्यंत बघत राहिली. "त्याच्या खोक्याची चूक झाली, त्याने भोंग्यावर सांगून टाकलं. तू इतके दिवस माझ्यावर डोळे वटारतोयस. कशासाठी, ते एकदा तरी बोललास?"

मी कठड्याचं लाकूड नखाने खरवडायला लागलो.

"गेल्या गणपतीत जिन्यात तू माझ्या आईच्या हातातली घागर घेतलीस आणि माझ्याकडे बघितलंस. तो एक काठ झाला. तिथून मी मोजतेय, दत्ता. दुसरा काठ तू देणार की मी असंच मोजत म्हातारी होऊ?"

मी म्हटलं, "मला त्याचा हेवा वाटतो."

"ते सगळ्या चाळीला माहीत आहे. पुढचं बोल."

"नोकरी लागली नाही."

"ते सगळ्या शिवाजी पार्कला माहीत आहे. पुढचं."

"आईला पाठवू का तुमच्याकडे?"

कुसुमने कळशी उचलली. "थांबला," ती म्हणाली. आकडे थांबल्यावर टेबलामागे बसून म्हणत होती तसंच. आणि हसली.

बाबा दारात उभे होते, ते आम्हाला दिसलेच नव्हते. त्यांनी ओठांवरून काय वाचलं देव जाणे, पण चाळीच्या चारही मजल्यांना ऐकू जाईल असे ओरडले, "कुणाला पाठवतोस? आईला? कुसुमकडे? आत्ता पाठव!" खालून कुणीतरी टाळी वाजवली. माझं ठरलं ते असं, सगळ्यांदेखत. आईने हातातला पळा चुलीवर आपटला आणि म्हणाली, "जेवलो काय नाय, आणि लगीन करूक निघालो."

लग्नाला श्रीधर आला, आहेर म्हणून कुसुमला केसांच्या पिनांची डबी दिली. मला त्याचाही राग आला. पुढे मी बरीच वर्षं बदलीवर काढली, मिल बंद झाली, मग एका शाळेत शिपाई झालो. कुसुम रेडिओ सोडून टीव्हीच्या कारखान्यात गेली आणि घर खरं तर तिच्या हातांवर चाललं. तिने दिवाळीत श्रीधरला फोन केला की मी टीव्हीचा आवाज वाढवायचो. ती म्हणायची, "तुमच्या बाबांसारखं झालंय तुमचं, त्यांना ऐकू यायचं नाही आणि तुम्हाला ऐकायचं नसतं."

शेवटी ती परळच्या इस्पितळात होती. उशाशी पडद्यावर हिरवी रेघ उसळायची आणि बाजूला आकडा. मी त्या आकड्याकडे बघत बसायचो, कमी झाला की नर्सला हाक मारायचो. कुसुम हळू आवाजात म्हणाली, "घाबरू नका हो. खोकाच आहे तो. या उसळीपासून त्या उसळीपर्यंत मोजतो, बस." मग म्हणाली, "काठ कळतात त्याला." त्यानंतर ती फारसं बोलली नाही. मी मात्र त्या खोक्यावरही जळलो. तिच्या आतला वेळ त्याला कळत होता, मला नाही.

आता आत्ताचं कारण. कुसुम गेल्यावर श्रीधर भेटायला आला. लिफ्ट बंद होती, काठी टेकत जिन्याने वर आला, तिच्या फोटोसमोर बसला आणि रडला. लहान पोरासारखा, खांदे हलवून, चष्मा काढून. मी तिचा नवरा, आणि माझ्या डोळ्यांतून टिपूस निघेना. सुनेने त्याला पाणी दिलं, मला कुणी दिलं नाही, मला लागलंच नव्हतं. वाटलं, याने आता माझं रडणंही नेलं. पण खरं कारण हेही नाही. त्याचा फोन वाजला. त्याची बायको खाली गाडीत बसली होती, गुडघ्यांमुळे वर आली नव्हती. फोनमधून तिचा आवाज बाहेर ऐकू येत होता, "किती वेळ? गोळी घ्यायची वेळ झाली ना तुमची?" तो डोळे पुसत म्हणाला, "हो गं, आलो." आणि उठला.

त्या 'आलो'चा मला हेवा वाटतो. बाकी त्याचं सगळं त्याला लखलाभ, बूट, भाषा, इंजिनीअरिंग. पण खाली कुणीतरी बसलंय आणि ती विचारते किती वेळ.

जिन्यापर्यंत पोचवायला गेलो तेव्हा त्याने माझा दंड धरला. "दत्ता, दिवस कसे जातात रे?"

मी म्हणालो, "दुसरा काठ न आलेल्या तुझ्या खोक्यासारखे."

त्याला लगेच कळलं. शहाणाच माणूस तो, त्याचंही दुखणं आहेच मला. त्याने नुसती मान हलवली आणि पायरीला काठी लावली.

पहाटे जाग येते तेव्हा काही क्षण माझी सगळी घरं शून्य असतात. भिंतीकडे तोंड करून पडलेला असतो, पाठीमागची जागा अजून बघितलेली नसते. मी तसाच विचारतो, "कुसुम, दूध आलं का गं?" आणि उत्तराची वाट बघत पडून राहतो. लांबच्या फळ्या असतील, आवाज यायला वेळ लागतो. मग बाहेर सून दार उघडते, पिशवी आत घेते, आणि माझं पहिलं घर हलतं.